कळसूबाईच्या शिडीवर दोन्ही हात मोकळे!

कळसूबाईला जायचं ठरलं तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला, "आणि गुडघ्यांचं काय?" मैत्रिणींनो, गुडघ्यांना काहीसुद्धा झालं नाही. घोटाळा केला तो इलॅस्टिकने.

घोटीहून भंडारदऱ्याकडे निघालं की वाटेत बारी गाव लागतं. महाराष्ट्रातलं हे सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, त्याची वाट इथूनच वर जाते. नवरात्रात माथ्यावरच्या देवळात जत्रा असते. देवीची कथा तर आपणा सर्वांना पटेल अशीच. कळसू ही कोळ्यांची मुलगी. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, या अटीवरच ती एका घरी कामाला राहिली. एके दिवशी घरातल्या कुणीतरी तिला नेमकी तीच कामं लावली. तिने ती केली आणि थेट डोंगर गाठला, तो कायमचाच! भांडी घासली ते थाळेमेळ आणि केर टाकला ती काळदरा, या जागा आजही दाखवतात. मला ही बाई फार आवडते.

वर सूर्योदय पाहायचा तर पहाटे तीनला चढायला लागायला हवं. अंधारात चालणं कठीण नाही हो, पण उभ्या कड्यांना लोखंडी शिड्या आहेत. तिथे दोन्ही हात कठड्यालाच लागतात. मग बॅटरी धरायची कशात? दातात?

पहिल्या खेपेला मी शहाणपणा केला. परकराचं अर्ध्या इंचाचं इलॅस्टिक घेतलं, त्याला दोन फासे शिवले आणि घरातली छोटी बॅटरी कानाच्या वर अडकवली. आरशासमोर झकास बसली! शिडीच्या मध्यावर मात्र बॅटरीच्या वजनाने पट्टा एका अंगाला ओढला गेला, तेल लावलेल्या केसांवरून सटकला आणि थेट डोळ्यांवर आला. समोर काळोख. पट्टा सारायला हात सोडावा, तर पायाखालची पायरी दिसत नाही. किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. खालून जाऊबाई ओरडल्या, "ताई, हलू नका!" दोन पायऱ्या चढून त्यांनीच एका हाताने पट्टा वर ढकलला. त्यानंतर वरचा सूर्योदय पाहिला खरा, पण उतरायचं कसं हेच मनात घोळत होतं.

यंदा तयार हेडलॅम्पच घेतला. दुकानदार उजेड किती लांब पडतो तेच सांगत राहतो. तुम्ही आधी पट्टा पाहा. तो निदान इंचभर रुंद हवा, सरकत्या बकलाचा, आणि आतून रबराची बारीक रेघ असेल तर उत्तम. केसांवर पकड राहते. दिवा कपाळाच्या मधोमध यावा. सेलची डबी मागे असलेला जड दिवा असेल तर डोक्यावरून जाणारा तिसरा पट्टाही हवाच. पण मग उंच अंबाडा चालत नाही बरं का, सरळ वेणी घाला. पट्ट्याखाली सुती रुमाल बांधला की घाम टिपला जातो आणि घसरणंही कमी होतं.

दुकानातच पट्टा लावून खाली वाका, मान जोरात हलवा. लाजू नका! जागचा हलला तर सैल, कपाळावर वळ उठला तर घट्ट. तीन तासांत डोकं ठणकेल. दिवा खाली झुकवता येतो ना, तेही पाहा. नाहीतर उजेड पुढच्या झुडपावर आणि आपले पाय अंधारात. शिवाय बोलताना समोरचीच्या डोळ्यांवर झोत जातो, ती बिचारी आंधळी होते.

घामाने इलॅस्टिक लवकर मरतं. घरी आल्यावर दिवा काढून पट्टा साध्या साबणाने हाताने धुवा, सावलीत वाळवा, इस्त्री मुळीच नको. दिवा बरेच दिवस लागणार नसेल तर सेल काढून ठेवा. पाझरले तर दिवा गेलाच म्हणून समजा.

माझा हेडलॅम्प स्वयंपाकघरात खिळ्यालाच असतो. परवा यजमानांनी पाण्याच्या टाकीत डोकावायला नेला आणि पट्टा सैल करून परत टांगला. पुढच्या खेपेआधी तो पुन्हा मापाला आणायला हवा.