मिलिंदचं उष्टं

मिलिंद. आपल्या कुठल्याही वस्तीत जाऊन ही हाक मारा, दोन-तीन पोरं तरी मान वळवतील. बाबासाहेबांच्या संस्थेनं १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, त्याचंही हेच नाव. नागसेनाला उलटेसुलटे प्रश्न विचारणारा राजा तो मिलिंद. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव आपल्या बापांनी पोरांना ठेवलं.

हाच मिलिंद एका इंग्रजी कादंबरीत मुंबईच्या चर्चगेट स्टेशनातल्या मुतारीत भेटतो. कादंबरी 'द बॉयफ्रेंड', लेखक आर. राज राव, साल २००३. राव पुणे विद्यापीठात इंग्रजी शिकवायचे आणि आपण समलिंगी आहोत हे त्यांनी कधी लपवलं नाही. कादंबरीतला मिलिंद महाडिक एकोणीस वर्षांचा, दलित. त्याच्यावर जीव लावणारा युदी चाळिशीचा, पत्रकार, जन्मानं बामण.

मी दहावीनंतर शाळा सोडली. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर डॉफर आहे. भरलेल्या कांड्या काढायच्या, रिकाम्या लावायच्या. हे पुस्तक सोलापुरात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालं. डिक्शनरी घेऊन वाचलं, चार महिने लागले. तिसऱ्या पाळीवरून आलं की दोन पानं, कधी अर्धंच. समासात पेन्सिलीनं शब्दांचे अर्थ लिहिलेत. काही शब्द डिक्शनरीत नव्हते, पण त्यांचा अर्थ गिरणीतल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतो.

गोष्ट अशी. पहिल्या भेटीनंतर युदी त्या पोराला वाटेला लावतो. पोरगा लुबाडील याची भीती. मग १९९२-९३ ची दंगल पेटते आणि युदीच्या पोटात कालवाकालव सुरू होते, पोरगा जिता असेल का? पण शोधणार कुठं? मिलिंद राहतो कुठं हेच त्याला माहीत नाही. मित्रहो, मी इथं थांबलो. अंग माहीत आहे आणि पत्ता माहीत नाही! प्रस्थापित साहित्याचं आपल्याशी असलेलं सगळं नातं या एका गोष्टीत आलं. लेखकानं हे मुद्दाम केलं का, कोण जाणे. पण केलंय खरं.

पुढं ते पुन्हा भेटतात, प्रेम जमतं. आणि एका ठिकाणी युदी मिलिंदचं उष्टं खातो. मिलिंद चकित. तू बामण ना? युदीचं म्हणणं असं की मी बामण-बिमण कोणी नाही, समलिंगी हीच माझी जात अन् हाच माझा धर्म. आम्हीही अस्पृश्यच.

वाचून पहिल्यांदा टाळकं सरकलं. अस्पृश्यता म्हणजे काय सदरा आहे, वाटला तवा अंगात घातला? युदीजवळ इंग्रजी आहे. नालासोपाऱ्यात का होईना, स्वतःची खोली आहे, दाराला आतून कडी आहे. त्या कडीच्या आत तो समलिंगी, बाहेर पडला की साहेब. मिलिंद कडीच्या आतही महाडिकच आणि बाहेरही महाडिकच. युदीची जात त्यानं टाकली म्हणून गळत नाही. ती कातड्यासारखी अंगाला आहे, फक्त ती त्याला टोचत नाही.

एवढं खरं. पण ते उष्टं डोक्यातून जाईना. कारण उष्ट्याची एक गोष्ट आमच्या घरात आहे.

माझा चुलता, तात्या, मुंबईला हमाली करायचा. २००४ साली मंगळवेढ्याला परत आला तो निव्वळ सांगाडा. मी पाच वर्षांचा. आईनं पुढं सांगितलं ते असं. एका दवाखान्यात त्याच्या खाटेला हात लावायला कोणी तयार नव्हतं. केसपेपर लांबून सरकवला. ते झालं परक्यांचं. आपल्या वस्तीत काय झालं? तात्याचं ताट वेगळं. तांब्या वेगळा. गोधडी वेगळी वाळत घालायची. ज्या म्हाताऱ्यांना चहाच्या हॉटेलात वेगळ्या कपबशीत चहा मिळाला, ज्यांना पाणी वरून ओतलं गेलं, त्यांनीच तात्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता.

मग मुंबईहून तात्याचा जोडीदार आला. जोडीदार असंच आई म्हणते, दुसरा शब्द तिच्याकडं नाही. आठ दिवस राहिला. तात्याला भरवायचा आणि ताटात उरलेलं स्वतः खायचा. त्याच ताटात. बायका दारातून बघायच्या. आज्जी म्हणाली, हा कोण आहे याचा? कोणी उत्तर दिलं नाही. तात्याला रोग कुणापासून झाला हे आम्हाला माहीत नाही आणि मला ते शोधायचंही नाही. त्याच वर्षी १ एप्रिलला सरकारनं एड्सची औषधं फुकट द्यायला सुरुवात केली होती, मुंबईत जे. जे.ला मिळायची. देशात मोजून आठ दवाखाने. मंगळवेढ्यापर्यंत ती यायच्या आत तात्या गेला. जोडीदार मातीला थांबला, तिसऱ्या दिवशी एसटीत बसला. त्याचा पत्ता कुणी लिहून घेतला नाही.

हा रोग भारतात पहिल्यांदा १९८६ साली मद्रासला सापडला. म्हणजे कादंबरीतली दंगल झाली तेव्हा तो येऊन सहा वर्षं झाली होती. रोगाआधी त्याची दहशत पोचली. १९८९ च्या फेब्रुवारीत गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला पोलिसांनी उचललं. गुन्हा काय, तर रक्तात एचआयव्ही. म्हापशाच्या जुन्या सॅनेटोरियममध्ये त्याला चौसष्ट दिवस एकट्याला डांबलं. त्याची आई हायकोर्टात गेली. डॉमिनिक सुटला, संघटना उभी केली, १९९२ मध्ये गेला. कायद्यानं माणसाला वेशीबाहेर बसवण्याचा हा प्रकार आपल्याला नवा आहे का?

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, हे पोट भरलेल्यांचे चाळे. आपल्यापुढं जमिनीचा प्रश्न, नोकरीचा प्रश्न, रोजचे अत्याचार. मी त्यांना विचारतो, मिलिंदचं पोट भरलं होतं का? आणि १९३४ साली बाबासाहेब कुणाचं वकीलपत्र घेऊन कोर्टात उभे राहिले? र. धों. कर्व्यांचं. 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं छापली म्हणून खटला होता. लैंगिक विषयावर लिहिणं म्हणजे अश्लीलता नव्हे, हे बाबासाहेब कोर्टाला सांगत होते. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. तेव्हा बाबासाहेबांपुढं काय प्रश्न कमी होते? येवल्याची घोषणा पुढच्याच वर्षीची.

आमच्या मंगळवेढ्याची ओळख चोखोबाची. १३३८ साली गावकूस बांधताना भिंत कोसळली आणि चोखोबा गेले. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हे पुस्तक ज्यांना अर्पण केलं, त्यांत चोखोबांचं नाव आहे. कथा सांगते, ज्या हाडांतून विठ्ठल ऐकू आला ती नामदेवानं वेचून पंढरपूरला नेली. ज्यांची हाडं बोलली नाहीत त्यांचं काय? ते इथंच राहिले, भिंतीखाली. तात्याचा जोडीदार त्यांच्यातला.

मराठीत या विषयावर लिहिलं गेलंय. बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' आहे, सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ ची. त्यात पुण्याचं पांढरपेशं घर आहे, दुःख खरं आहे, पण अंगण आपलं नाही. आपल्या बाजूला दिशा पिंकी शेख उभी राहिली, तृतीयपंथी कवयित्री. २०१९ साली वंचित बहुजन आघाडीची प्रवक्ती झाली. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. ताटं किती जणांनी एक केली?

राव यांच्यावर माझा राग उरलाय तो वेगळ्याच गोष्टीचा. शेवटाकडं मिलिंदचं एका पोरीशी लग्न होतं. त्या पोरीच्या मनात काय असेल? आणि मिलिंदच्या? युदीचं मन आपल्याला इंचाइंचानं दिसतं, मिलिंदचं फक्त अंग दिसतं. तो युदीवर जीव लावतो, की त्याच्या खोलीवर, की दोन वेळच्या जेवणावर? हे युदीला कळत नाही, लेखकालाही कळलं नसावं. ते मिलिंदनंच लिहायला पाहिजे. तुमच्यात कुणी असेल तर लिहा. नाव नका देऊ हवं तर. आपल्या या अंकाला स्टेन्सिल कापणारा मीच आहे, हस्ताक्षर कुणाला दाखवणार नाही.

पुस्तक आता गिरणीतल्या एका पोराकडं आहे. मागून नेलं. इंग्रजी येत नाही म्हणाला, समासातलं वाचतो.