ग्रँड कॅन्यनचा मुक्काम आणि मैलापाण्याची नळी

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यन ही कोलोरॅडो नदीने लाखो वर्षांत कोरून काढलेली दरी ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. काही ठिकाणी तिची रुंदी २९ किलोमीटरपर्यंत जाते. १९१९ मध्ये या प्रदेशाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. बहुसंख्य यात्री दरीच्या दक्षिण काठावर येतात. हा काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटर उंचीवर, पाइन वृक्षांच्या रानात वसलेला आहे. सूर्य कलू लागला की समोरचे खडकांचे थर तांबूस, गेरव्या आणि जांभळ्या छटांनी उजळतात आणि काठावरचा गजबजाट आपोआप थांबतो.

फिनिक्स शहरापासून हे स्थान सुमारे ३७० किलोमीटरवर आहे. फिनिक्समध्ये जैन मंदिर असल्याने दर्शन घेऊन पुढे निघणे सोयीचे पडते. मात्र शहर मागे पडले की व्रतनियम पाळणाऱ्या कुटुंबाचा प्रश्न सुरू होतो. महामार्गावरील उपाहारगृहांत कंदमुळांविना, रात्रीभोजन टाळून आणि गाळलेल्या पाण्यावर निर्वाह करणे कठीण. म्हणून मोटारीमागे जोडायचा छोटा ट्रॅव्हल ट्रेलर अशा कुटुंबाला फार उपयोगी पडतो. चार-साडेचार मीटरच्या त्या चाकांवरच्या घरात शेगडी, फ्रीज, बिछाने आणि स्वच्छतागृह सामावलेले असते. सूर्यास्तापूर्वी स्वतःच्या हातचे जेवण करून दरीच्या काठावर जाऊन बसता येते, हे सुख लहान नव्हे.

परंतु ज्या घरात चूल आहे, त्याच घराच्या तळाशी मैल्याची टाकी आहे, ही गोष्ट प्रवासाच्या छायाचित्रांत दिसत नाही. ट्रेलरमध्ये साधारणतः तीन टाक्या असतात. पहिली स्वच्छ पाण्याची, दुसरी ओटा व न्हाणीच्या सांडपाण्याची आणि तिसरी शौचालयाची. व्यापाऱ्याच्या रोजमेळात जशी जमेची रक्कम कुठेतरी नावे पडतेच, तसे पहिल्या टाकीत भरलेले पाणी उरलेल्या दोन टाक्यांत उतरतेच. हा हिशेब डंप स्टेशन नावाच्या ठरावीक जागी चुकता करावा लागतो. तेथे जमिनीत सांडपाणी वाहिनीचे तोंड असते आणि ट्रेलरपासून त्या तोंडापर्यंत मैला नेण्यासाठी तीन इंच व्यासाची, चुण्या असलेली, दाबून आखूड होणारी नळी वापरतात.

दक्षिण काठावरील ट्रेलर व्हिलेज या तळावर प्रत्येक जागेला वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळते. जवळच्या मॅदर तळावर अशी जोडणी नाही. तेथे डंप स्टेशनवर जावे लागते. कोठेही उतरले तरी नळी लागतेच. काम पंधरा मिनिटांचे. पण उरलेला सारा काळ ती नळी ठेवायची कोठे, हा छोट्या ट्रेलरचा खरा प्रश्न आहे. मोठ्या वाहनांत तिच्यासाठी स्वतंत्र कप्पा असतो. छोट्या ट्रेलरमध्ये बाहेरून उघडणारा कप्पा बहुधा एकच असतो, आणि त्यात पिण्याच्या पाण्याची नळी, वायर व खुर्च्या आधीच बसलेल्या असतात. मैलापाण्याची नळी त्या कप्प्यात जाता कामा नये, हा पहिला नियम. टोपण घट्ट लावले असले तरी एखादा थेंब ओघळतोच, आणि तो पिण्याच्या नळीच्या तोंडाला लागला तर सारे गाळलेले पाणी व्यर्थ ठरते.

अनेक ट्रेलरच्या मागील बाजूस चार इंची चौकोनी, पोकळ लोखंडी बम्पर असतो. नळी त्यात सरकवून दोन्ही टोकांना प्लास्टिकची टोपणे लावणे ही जुनी पद्धत आहे. ती स्वस्त आहे, पण तिच्यात दोष आहेत. नळीच्या टोकाची पकड असलेली जोडणी चार इंचांच्या पोकळीत पुष्कळदा मावत नाही. ती प्रत्येक वेळी काढून वेगळी ठेवावी लागते. आत राहिलेल्या ओलाव्याने लोखंड गंजते. रस्त्याच्या हादऱ्यांनी टोपण निसटते आणि कधी नळीच रस्त्यावर पडते. मागून येणाऱ्या वाहनचालकाने त्यासाठी कोणता अपराध केला?

यावर अनेक ट्रेलरधारकांनी एक साधा उपाय काढला आहे. कुंपणासाठी मिळणारा पाच इंची चौकोनी पीव्हीसी खांब नळीच्या लांबीनुसार कापून तो ट्रेलरच्या सांगाड्याखाली आडवा, पट्ट्यांनी घट्ट बसवतात. एका टोकाला कायमचे झाकण, दुसऱ्या टोकाला बिजागरी व खिटी. खांब तोंडाच्या बाजूला किंचित उताराचा ठेवला आणि तळाला बारीक छिद्रे पाडली की ओलावा निघून जातो व हवा खेळती राहते. पीव्हीसी गंजत नाही, धुता येते, आणि उन्हाने नळीचे प्लास्टिक चिरण्याचे टळते. मात्र तो खांब धुरापासून, चाकापासून आणि जमिनीपासून पुरेसा दूर आहे ना, हे बसवण्यापूर्वी पाहावे लागते.

येथे जैन कुटुंबाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ओलसर, अंधारी, उघड्या छिद्रांची पोकळी म्हणजे कोळी, मुंग्या व गांधीलमाशी यांना आयते घर. म्हणून हवेच्या प्रत्येक छिद्रावर बारीक जाळी चिकटवावी. नळी बाहेर ओढण्यापूर्वी झाकण उघडून आत प्रकाश टाकून पाहावे. जीव दिसला तर मऊ कुंचल्याने अलगद बाहेर काढावा. प्रतिलेखनाची सवय असलेल्या घराला हे अर्धे मिनिट जड वाटणार नाही.

ज्यांना खांब बसवणे शक्य नाही, त्यांना घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा पुरतो. नळी, हातमोजे आणि जोडणीचे तुकडे त्यातच राहावेत. त्या डब्यात दुसरे काही जाऊ नये. डबा मोटारीच्या उघड्या हौद्यात ठेवता येतो. ट्रेलरच्या पुढील त्रिकोणी दांड्यावर ठेवायचा तर तेथे गॅसच्या टाक्या व बॅटरी असतात आणि जोडणीवर भार वाढतो, हे लक्षात घ्यावे. ट्रेलरच्या आत, पलंगाखाली मात्र तो कधीही नसावा.

नळी चांगली ठेवायची तर ती चांगली रिकामी करावी लागते. हातमोजे घालून आधी शौचालयाची टाकी सोडावी, मग ओट्याची. दुसऱ्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. दोन्ही व्हॉल्व्ह बंद केल्यावर ट्रेलरकडचे टोक प्रथम सोडून उंच धरावे, म्हणजे आतले सारे पाणी वाहिनीत उतरते. डंप स्टेशनवर धुण्यासाठी जो नळ असतो त्याचे पाणी पिण्याचे नसते. पिण्याची नळी त्याला कधीही जोडू नये. नळी धुऊन, निथळवून, दोन्ही तोंडांना टोपणे लावूनच जागेवर ठेवावी. या उंचीवर वसंत व शरद ऋतूतील रात्री पाणी गोठते. आत पाणी राहिलेली नळी थंडीत तडकते आणि ती गळते आहे हे पुढच्या डंप स्टेशनवरच कळते.

एवढी काळजी कशासाठी, याचे उत्तर दरीच देते. दक्षिण काठावर वाहता झरा नाही. वरचा चुनखडक पाणी धरत नाही. वर पडलेले पाणी भेगांतून झिरपत खालच्या झऱ्यांना मिळते. दक्षिण काठावरील गावाला पिण्याचे पाणी दरीच्या उत्तर बाजूच्या रोअरिंग स्प्रिंग्ज या झऱ्यातून, दरी ओलांडून येणाऱ्या सुमारे २० किलोमीटरच्या जलवाहिनीने मिळते. १९६० च्या दशकात घातलेली ही वाहिनी वारंवार फुटते. पाण्याची अशी टंचाई असल्यानेच या गावात १९२६ पासून सांडपाणी शुद्ध करून शौचालये व बागांसाठी पुन्हा वापरण्यास आरंभ झाला. अमेरिकेतील हा या प्रकारचा पहिला प्रयोग होय. तहानलेले एल्क हरीण वस्तीत येऊन यात्रेकरूंसाठीच्या नळांची कळ दाबायला शिकले, तेव्हा त्या नळांना जाळ्या लावाव्या लागल्या. अशा भूमीवर ओतलेला मैला हा केवळ कायद्याचा भंग नसून खालच्या झऱ्याचा आणि त्या झऱ्यावर जगणाऱ्या जीवांचा अपराध ठरतो.

शास्त्रकारांनी साधूंसाठी पाच समित्या सांगितल्या. त्यांतील आदाननिक्षेपण समिती वस्तू उचलताना व ठेवताना जीव पाहून ठेवण्यास सांगते, तर उत्सर्ग समिती मलमूत्र निर्जीव भूमी पाहूनच विसर्जित करण्यास सांगते. महाव्रतींचा तो आचार गृहस्थाला पूर्णांशाने पाळता येत नाही, आणि वाहनाने प्रवास करणाऱ्याने तसा आव आणू नये. तरीही जयणा गृहस्थालाही सांगितलेली आहे. सामायिकाच्या कटासन्याची जागा ज्या नेमाने ठरलेली असते, त्याच नेमाने मैलापाण्याच्या नळीचीही जागा ठरलेली असावी. घरातील कोणालाही ती हाताळण्याचा संकोच वाटू नये, कारण तिच्यातून गेलेले सारे त्या घरातलेच असते.

मुक्काम हलवताना कुटुंबातील एकाने ट्रेलरभोवती एक फेरी मारावी: झाकणाची खिटी लागली आहे, व्हॉल्व्ह बंद आहेत, जमिनीवर ओल नाही. ही फेरी पूर्ण झाल्यावरच मोटार सुरू करावी. त्यानंतर त्या जागी दुसरे कुटुंब उतरेल, त्याची मुले त्याच मातीत खेळतील आणि संध्याकाळी तेही दरीच्या काठाकडे चालत जातील.