मार्कांची रेघ

मालवण

चि. मुक्तास,



फोनवर तू घाईत होतीस, म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या सोरोरिटीत, म्हणजे मुलींच्या त्या मंडळात, यंदा नव्या मुली घ्यायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय आणि ३.० च्या खाली जीपीए असलेल्या मुलीचा विचारच करायचा नाही, असं घाटतंय. २.८ वाली एक मुलगी मात्र तुझ्या मनात भरली आहे. तुला वाटत असेल, ही अमेरिकेतली भानगड मावशीला काय कळणार! अगं, याच भानगडीत माझी कॉलेजातली निम्मी नोकरी गेली.

मुंबई विद्यापीठाची हद्द आपल्या सिंधुदुर्गापर्यंत, त्यामुळे तिथला कायदा तोच इथला. विद्यार्थ्यांच्या निवडणुकांत मारामाऱ्या फार होऊ लागल्या म्हणून त्या बंद झाल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी मंडळ नेमायची पद्धत आणली. आदल्या वर्षीच्या परीक्षेतल्या गुणवत्तेवर प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी, म्हणजे सीआर. शिवाय खेळ, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक यांचा एकेक, आणि प्राचार्यांनी नेमलेल्या दोन मुली, म्हणजे एलआर. गंमत बघ, या दोघींना कायद्यात मार्कांची अट नव्हतीच. तरी आमच्याकडे तिथंही मार्कलिस्टच काढली जायची. कुणी बोट ठेवायला नको ना!

एका वर्षी अशी नेमलेली मुलगी आचऱ्याच्या पलीकडून यायची. बैठक संपेपर्यंत तिची एसटी निघून जायची. स्टाफरूमच्या दारात उभी राहून मला म्हणाली, "मॅडम, माका बोलूक येना नाय. दुसऱ्या कोणाक तरी घेवा." त्याच वर्गात दांडीच्या किनाऱ्यावरची एक होती. आई मासे विकायची. सकाळी लिलावाला आईसोबत, म्हणून पहिलं लेक्चर कायम बुडायचं आणि इकॉनॉमिक्सला केटी. ती कुठल्याच यादीत नव्हती. पण गॅदरिंगच्या रात्री कार्यक्रम लांबला, तेव्हा मुलींना घरी पोचवायला टेम्पो तिनेच ठरवला. वहीच्या मागच्या पानावर तिने लिहून ठेवलं होतं, कोण कुठल्या फाट्यावर उतरणार आणि तिथे न्यायला बाप येणार की भाऊ. हे काम खरं तर एलआरचं. ती एलआर तेव्हा घरी झोपली होती, आणि तिचाही त्यात दोष नव्हता.

एवढ्यावरून मावशी मार्कांच्या विरोधात आहे, असं मैत्रिणींना सांगत सुटू नकोस. मार्क बाजूला ठेवले की त्या जागी काय येऊन बसतं, तेही मी पाहिलंय. 'आपल्यात शोभेल का?' मग आडनाव, कपडे, बापाचं हॉटेल, कुणाच्या ओळखीची. आचऱ्याच्या त्या मुलीला मार्कांवाचून कुणी विचारलंही नसतं. मार्कलिस्टीला वशिला लागत नाही, हा तिचा एकच मोठा गुण.

म्हणून रेघ असावी, पण खाली असावी आणि आधी सांगितलेली असावी. लिंगडोह समितीने २००६ मध्ये विद्यार्थी निवडणुकांसाठी हेच केलं: उमेदवाराची त्या वर्षी केटी नको, हजेरी ७५ टक्के हवी. पहिला नंबर कुणी मागितला नाही. (पुढे २०१६ च्या कायद्याने आपल्याकडे निवडणुकांची तरतूद परत आणली, तो घोळ वेगळाच.) रेघ ओलांडली की मार्कलिस्ट मिटायची. ३.९ वाली ३.१ वालीपेक्षा चांगली मैत्रीण ठरेल, हे कोणत्या परीक्षेत तपासलंय?

आणि मार्क तरी कुठले? पहिल्या सेमिस्टरला येणाऱ्या मुलींचे तुम्ही शाळेतले मार्क बघता. शाळेतल्या मार्कांचं म्हणशील तर आपलं कोकण बोर्ड २०१२ पासून दहावीच्या निकालात दरवर्षी राज्यात पहिलं. २०२४ ला तर ९९.०१ टक्के. म्हणून इथली प्रत्येक मुलगी मुंबईतल्या मुलीपेक्षा हुशार, असं मीसुद्धा म्हणणार नाही, आणि मला इथलाच अभिमान!

तुमच्या ३.० च्या रेघेचं खरं कारण तू ओझरतं बोलून गेलीस: विद्यापीठ प्रत्येक सोरोरिटीचा सरासरी जीपीए जाहीर करतं आणि तुम्हाला वर राहायचंय. मग तसं सरळ म्हणा. त्या २.८ वालीच्या भल्याचा मुलामा नको. कप्पा अल्फा थीटा ही सोरोरिटी १८७० मध्ये इंडियानातल्या एका कॉलेजात चौघींनी काढली, तेव्हा त्या कॉलेजात मुली नुकत्याच येऊ लागल्या होत्या. एकमेकींना धरून राहायला काढलेली संस्था, सरासरी राखायला नव्हे.

तुझी ती मुलगी रात्री मेसमध्ये भांडी घासते म्हणालीस. किती तास, ते विचार आणि बैठकीत सगळ्यांसमोर सांग. रेघ २.५ वर आणायचा ठराव मांड, तो सगळ्यांसाठी, तिच्यापुरता नको. नाहीतर तोही वशिलाच. आणि तिला घेतलंत तर पहिली सेमिस्टर तिच्याबरोबर अभ्यासाला बसायला कुणालातरी नेमा. गणिताला मात्र तू बसू नकोस. तुझे बारावीचे मार्क मला ठाऊक आहेत.

तुझी,
मावशी