राळेची मर्यादा

राळ हा शब्द आपल्याकडे जुना. साल वृक्षाचा चीक वाळला की त्याची राळ होते. ती धुपात पडते. गावाकडे सोंगांच्या वेळी पेटत्या टेंभ्यावर तिची पूड फेकून भडका उडवत, म्हणून तर ‘टीकेची राळ उडाली’ असं आपण अजून म्हणतो. आमच्या हैदराबादेत चारमिनारजवळच्या लाड बाजारातल्या लाखेच्या बांगड्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. लाख म्हणजे तरी काय, किड्यांनी तयार केलेली राळच. त्यात जीव जातात म्हणून माझ्या सासूबाई त्या बांगड्यांना हात लावत नसत. तेव्हा राळेशी आमच्या घराचा संबंध एवढाच, लांबूनचा. तीच राळ ‘रेझिन’ असं इंग्रजी नाव लावून, काळ्या बाटल्यांत बसून आमच्या काचीगुड्याच्या घरात राहायला येईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

धाकट्याने नोकरी सोडली आणि मोटारींच्या पुढच्या काचा दुरुस्त करण्याचा धंदा काढायचं ठरवलं. त्याचं म्हणणं असं, की आउटर रिंग रोडवर खडी वाहणाऱ्या टिप्परमागे गाडी असली की एक खडा उडतो आणि काचेला टिचका पडतो. लोक एकतर तसेच फिरतात, नाहीतर सगळी काचच बदलतात. वेळेवर भरली तर ती वाचते. अत्तापूरला पीव्ही एक्स्प्रेस-वेच्या खाली त्याने शटर भाड्याने घेतलं. तिकडे पत्ता रस्त्याच्या नावाने सांगत नाहीत, पुलाच्या खांबाच्या नंबराने सांगतात. त्याचे साठवलेले पैसे पुरेनात, म्हणून माझ्या दोन पाटल्या बँकेत तारण गेल्या. आमच्या ह्यांनी तीस वर्षं सुलतान बाजारात कापडाचं दुकान चालवलं. ते एवढंच म्हणाले, “कापड दहा वर्षं ठेवलं तरी कापडच राहतं. तुझा माल किती दिवस टिकतो?” पोराला ते लागलं. पण प्रश्न खराच होता, हे पुढे कळलं.

आधी काचेचं थोडं सांगते, कारण मलाही ठाऊक नव्हतं. मोटारीची पुढची काच एक नसते, दोन असतात, आणि मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ पडदा चिकटवलेला असतो. एदुआर बेनेदिक्तुस नावाच्या फ्रेंच माणसाच्या हातून १९०३ साली प्रयोगशाळेतली एक काचेची कुपी खाली पडली. ती तडकली, पण तुकडे विखुरले नाहीत. आत सेल्युलोज नायट्रेटचा वाळलेला थर होता, त्याने ते धरून ठेवले होते. त्यावरून ही दुहेरी काच निघाली. खडा लागतो तेव्हा बहुधा बाहेरची काच फुटते, आतली शाबूत राहते. त्या फुटीत हवा शिरलेली असते. एका छोट्या यंत्राने ती ओढून काढायची, त्या जागी दाबाने पातळ रेझिन भरायचं, मग अतिनील किरणांचा दिवा धरायचा. पाण्यासारखं असलेलं रेझिन काही मिनिटांत घट्ट होतं. वरचा खड्डा भरायला दाट रेझिन लागतं, काकवीसारखं. (दुसरी कुणी मधासारखं म्हणाली असती, पण आमच्या घरात मध नसतो.)

ज्या किरणांनी ते घट्ट व्हायचं, तेच किरण उन्हात असतात. ऊन लागलं की रेझिन काचेत आहे की बाटलीत, हे ते बघत नाही. आणि हैदराबादचं एप्रिल-मेचं ऊन म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. चाळिशी ओलांडते. दुकानावर पत्रा. दुकानातल्या मदतनीस पोराने वापरात असलेल्या दोन बाटल्या झाकणं नीट न लावता दाराजवळच्या फळीवर ठेवल्या. तिथे सकाळचं ऊन येतं. दुसऱ्या दिवशी बाटली उलटी केली तर थेंब पडेना. “भय्या, ये तो पत्थर हो गया,” म्हणून तो रडवेला झाला. महिन्याच्या हप्त्यातला मोठा भाग त्या दोन बाटल्यांत गोठून बसला होता.

त्याच संध्याकाळी धाकटा सगळं खोकं घेऊन घरी आला आणि सरळ फ्रिज उघडला. दुधाची पातेली सरकवू लागला. मी त्याचा हात धरला. “आई, थंड जागा लागते त्याला,” तो म्हणाला. मी म्हटलं, “थंड जागा लागत असेल, पण आपण खातो ती जागा नाही.” यात सोवळ्याओवळ्याचा प्रश्न नव्हता. बाटलीबरोबर येणारा माहितीचा कागद त्याच्याकडूनच वाचून घेतला. त्यात अन्नापासून दूर ठेवा असं स्वच्छ लिहिलं होतं. शिवाय फ्रिजचा आणखी एक घोटाळा आहे. गार बाटली बाहेर काढून लगेच उघडली तर तिला घाम येतो, ओल आत जाते. आणि गार रेझिन दाट होतं, ते केसाएवढ्या भेगेत शिरत नाही. म्हणजे ती खोलीच्या उष्णतेला येईपर्यंत गिऱ्हाईक ताटकळणार.

मग जागा कुठली? आमचं घर जुनं, दगडी. उत्तरेकडची कोठीची खोली बाराही महिने गार असते. पण तिथे लोणच्याच्या बरण्या, पापडाचे डबे, वर्षाची डाळ. राळ आणि डाळ एका खोलीत ठेवायला मी तयार नव्हते. मधल्या खोलीत भिंतीतलं लोखंडी कपाट होतं. त्यात ह्यांच्या दुकानाच्या चोपड्या, तीस वर्षांच्या, लाल कापडात बांधलेल्या. दुकान बंद झाल्यावरही दर दिवाळीला त्या बाहेर निघत, झटकून परत आत जात. त्या कपाटाचं नाव काढायची माझी हिंमत नव्हती. दोन दिवस खोकं कॉटखाली होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी उठून पाहते, तर हे एकेक गठ्ठा काढून माळ्यावर चढवायला पोराला देत होते. कोणी काही बोललं नाही. शेवटची चोपडी मात्र त्यांनी हातातच ठेवली.

कपाट रिकामं झालं तरी काम संपलं नव्हतं. वस्तू ठेवायची कशी, हे शिकायचं होतं. आमच्यात साधूंच्या पाच समित्यांत एक आदाननिक्षेपण समिती आहे: वस्तू उचलताना आणि ठेवताना बघून, जपून. लहानपणी पाठशाळेत ते पाठ केलं होतं. घरसंसारात त्याचा इतका रोकडा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. आणि मर्यादा तर आपल्या स्वयंपाकघरात असतेच. दळलेलं पीठ थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन, त्यानंतर नाही. मी पोराला म्हटलं, तुझ्या बाटलीलाही मर्यादा आहे, फक्त ती बारीक अक्षरात छापलेली आहे. आता प्रत्येक बाटलीवर आणल्याची आणि फोडल्याची तारीख मोठ्या अक्षरात असते. आधी आलेली आधी जाते. दुकानात एका दिवसापुरतंच न्यायचं. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत रात्रभर ठेवायचं नाही. बाटलीतून काढलेलं उरलं तर परत बाटलीत ओतायचं नाही. एका गोष्टीचं मात्र मला नवल वाटलं. लोणच्यात आपण हवा राहू नये म्हणून वरपर्यंत तेल घालतो. रेझिनची बाटली उलट, मुद्दाम थोडी रिकामी ठेवतात. ते आपोआप घट्ट होऊ नये म्हणून त्यात जे औषध घातलेलं असतं, ते हवेतल्या प्राणवायूशिवाय काम करत नाही. म्हणून जागा वाचवायला दोन अर्ध्या बाटल्यांची एक काठोकाठ भरायची नाही.

काचा आणि हत्यारं पुसायला लागणारं स्पिरिटही त्याच खोक्यात आलं होतं. ते मी कपाटात ठेवू दिलं नाही, कारण कपाटाशेजारच्या कोनाड्यात संध्याकाळी दिवा लागतो. पेटणारी वस्तू दिव्यापासून आणि गॅसपासून लांब. ती दुकानातच, वेगळ्या डब्यात, सावलीत राहते.

आता जे सांगते ते मैत्रिणींनो, जरा लक्ष देऊन वाचा. हिशेब सांभाळता सांभाळता सूनबाई दुकानात मदतीला जाऊ लागली. हात नाजूक, काम सफाईचं. महिन्याभरात तिच्या बोटांची अग्रं लाल झाली, खाज सुटली, कातडी सोलपटू लागली. ती लपवत होती. “आई, भांड्याच्या साबणाने असेल,” म्हणाली. कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, ही ॲक्रिलेटची ॲलर्जी. न गोठलेलं रेझिन कातडीला पुन्हा पुन्हा लागलं की शरीर त्याच्यावर चिडायला शिकतं, आणि एकदा शिकलं की बहुधा विसरत नाही. पुढे त्यांनी विचारलं, “नखांना जेल पॉलिश लावता का?” ब्यूटीपार्लरमध्ये दिव्याखाली हात धरून जे नखांचं पॉलिश वाळवतात, ते याच कुळातलं. दातांच्या डॉक्टरांकडे निळा प्रकाश टाकून जे पांढरं सिमेंट भरतात, तेही. म्हणजे काचेच्या कामात ही ॲलर्जी जडली तर दात भरतानासुद्धा डॉक्टरांना सांगावं लागतं. घरी नखांच्या जेलचे संच मागवून हौसेने लावणाऱ्या आपल्या लेकी-सुनांनाही हे ठाऊक असायला हवं. जेल कातडीवर सांडू देऊ नये, आणि अर्धवट वाळलेलं तर मुळीच ठेवू नये.

सूनबाईला दुकानातलं ते काम बंद करावं लागलं. तिला फार वाईट वाटलं. धंदा दोघांचा आहे, असं ती सगळ्यांना सांगत असे. आता ती दुकानाच्या काउंटरवर बसते. नायट्रिलचे हातमोजे किती वापरले, याचा हिशेब तिच्याकडेच. साध्या रबरी मोज्यांतून रेझिन पटकन आत झिरपतं. नायट्रिलचेही कायमचे नाहीत. डाग पडला की फेकायचे, धुऊन पुन्हा घालायचे नाहीत. हाताला लागलं तर साबण आणि पाणी. स्पिरिटने पुसलं तर ते कातडीत आणखी मुरतं. मदतनीस पोरगा मोजे घालायला कंटाळतो, तेव्हा ती काही न बोलता त्याच्यासमोर आपली बोटं धरते.

सांडलेलं पुसलेल्या चिंध्यांचा प्रश्न मीच काढला. ओलं रेझिन मोरीत जाऊ द्यायचं नाही, पाण्यातल्या जिवांनी काय पाप केलंय? चिंध्या दुकानामागे पसरून उन्हात ठेवायच्या, ढीग करायचा नाही, कारण घट्ट होताना ते तापतं. पूर्ण कडक झाल्या की मग पिशवीत बांधून कचऱ्यात. ज्या उन्हाने दोन बाटल्या नासल्या, त्याच उन्हाला आम्ही कामाला लावलं.

मालाची मर्यादा असते तशी कामाचीही असते. रुपयाच्या नाण्याएवढा टिचका भरता येतो. चालवणाऱ्याच्या नजरेसमोर असेल, काचेच्या कडेपर्यंत भेग गेली असेल, आतली काचही फुटली असेल, तर भरू नये. भरलेली जागा डागासारखी थोडी दिसतेच, आणि रात्री समोरच्या दिव्यांत ती डोळ्यांवर चमकते. अशी गिऱ्हाइकं धाकटा परत पाठवतो, काच बदला म्हणून सांगतो. त्या दिवशी गल्ला रिकामा असतो. पाटल्या अजून बँकेत आहेत. मला त्यांची आठवण येते, नाही असं नाही. पण भरायची नाही ती काच भरून आणलेल्या पैशांनी त्या सुटून आल्या, तर मनगटाला टोचतील.

पावसाळ्याच्या तोंडाशी कपाट आवरताना तीन बाटल्यांची तारीख उलटून गेलेली निघाली. बाटली हलवली तर आत पातळच वाटत होतं. धाकटा म्हणाला, “आई, चालेल गं, कुणाला कळतंय?” मी काही बोलायच्या आत हे उठले. हातात ठेवून घेतलेली ती शेवटची चोपडी त्यांनी उघडली. तीत बरीच कोरी पानं होती. नव्या पानावर तारीख घातली आणि नावे बाजूला लिहिलं: रेझिन, तीन बाटल्या, मर्यादा संपली. मग चष्मा काढून पोराला म्हणाले, “किंमत सांग.”