ओव्हलच्या मांडवामागे

ओव्हल मैदान किती मोठं आहे हे ते रिकामं असताना कळत नाही. १९६४ च्या नोव्हेंबरात त्या गवतावर बांबू, वासे, कनाती, सुतळीची बंडलं, विजेच्या केबलींची भेंडोळी आणि घडीच्या खुर्च्यांच्या थप्प्या येऊन पडल्या, तेव्हा मला कळलं. एका बाजूला राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला त्या गोलाईदार सज्ज्यांच्या इमारती, आणि मधे एक अख्खं शहर उभं राहत होतं! त्याला रस्ते होते, पाणी होतं, दवाखाना होता, हरवलेल्या माणसांची कचेरी होती, आणि ते शहर बांधणाऱ्यांत मी होतो. मी म्हणजे पाटणचा, कोयनेच्या काठचा, एका मुकादमाचा मुलगा. तोवर मोठी गर्दी म्हणजे मला चाफळची रामनवमी माहीत होती. आता ऐंशी ओलांडली, तरी ते दिवस सांगायला बसलो की एका वाक्यात दुसरं वाक्य घुसतं. घुसू द्या.

त्या सोहळ्याचं नाव होतं अडतिसावी आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस. येशूनं आपल्या शिष्यांबरोबर शेवटचं भोजन केलं, भाकर मोडून वाटली. त्या भोजनाच्या स्मरणासाठी जगभरच्या कॅथलिकांनी एका शहरात जमायचं, अशी ही प्रथा. पहिली परिषद १८८१ मध्ये फ्रान्सातल्या लील शहरात भरली होती. आणि आता ती मुंबईत, २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर! यजमान होते मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशियस, भारताचे पहिले कार्डिनल. आणि खुद्द पोप सहावे पॉल येणार होते. त्याआधी कुठल्याही पोपनं भारतात पाऊल ठेवलेलं नव्हतं. रोममधल्या व्हॅटिकन परिषदेची तिसरी बैठक २१ नोव्हेंबरला संपली आणि तिथले कितीतरी बिशप थेट इकडे निघाले.

मी ख्रिस्ती नव्हतो, आजही नाही. एसटीनं कराड, तिथून मीटरगेजची गाडी धरून पुणं, आणि पुण्यात गाडी बदलून मुंबई, असा कॉलेजसाठी आलेला मुलगा मी. होस्टेलवर माझ्या शेजारच्या खाटेवर वसईचा एक मित्र होता. तो म्हणाला, "माणसं कमी पडतायत, येतोस का?" मी त्याच्यामागून निघालो. बस, एवढंच. धर्माबिर्माची चर्चा झाली नाही. होस्टेलवर मात्र वाद रंगत होते. देशात धान्याची टंचाई, रेशनच्या दुकानापुढे रांगा, मे महिन्यात नेहरू गेलेले. अशा वेळी परदेशी धर्मगुरूचा एवढा सोहळा कशाला, असं म्हणणारे पुष्कळ होते. तो प्रश्न मला खोटा वाटत नव्हता. पण मांडवामागे पहिल्यांदा गेलो आणि माझं सगळं लक्षच तिकडे लागलं.

आमच्या टोळीला काम होतं दोऱ्या बांधण्याचं. ऐकायला किती क्षुल्लक! आमचे प्रमुख बांद्र्याचे एक अंकल, रेल्वेतून निवृत्त झालेले, खिशात कायम खडू. त्यांनी आम्हाला मैदानाचा नकाशा दाखवला, आणि अहो, माझे डोळेच उघडले. मैदान म्हणजे माणसं भरायची एक मोकळी जागा, अशी माझी समजूत. त्यांनी त्याचे चौकोन पाडले होते. प्रत्येक चौकोनाला आत यायची वाट वेगळी, बाहेर जायची वेगळी. दोन चौकोनांच्या मधे एक पट्टा सोडलेला, कारण मिस्सा चालू असताना शेकडो फादर लोकांपर्यंत कम्युनियन, म्हणजे प्रसादाची भाकर, घेऊन जाणार, त्यांना चालायला वाट हवी. त्या पट्ट्याच्या टोकाला पाण्याचं पिंप. त्याच्या पलीकडे स्ट्रेचर घेतलेली दोन मुलं. म्हातारी माणसं कडेच्या चौकोनात, म्हणजे चक्कर आली तर उचलून नेता येईल. "माणसं ढकलत नाहीत," अंकल म्हणायचे, "वाट दिसली नाही की ढकलतात."

आणि दोरीचं शास्त्र! मोठ्यांच्या कमरेएवढ्या उंचीवर एक दोरी, आणि गुडघ्याच्या उंचीवर दुसरी, नाहीतर पोरं खालून सटकतात आणि आई त्यांच्यामागे. दोरी ताणायची, पण तारेसारखी नाही. अंग टेकलं तर थोडी झुकली पाहिजे. गाठ निरगाठ मारायची नाही, सुरगाठच मारायची, आणि तिचं मोकळं टोक आमच्या बाजूला ठेवायचं. गडबड झाली तर एका हिसक्यात अख्खी बाजू मोकळी झाली पाहिजे. हे अंकल स्वतः तपासत. आम्ही रात्री कंदील घेऊन पुढे बांधत जायचो आणि ते मागून प्रत्येक गाठीचं टोक ओढून बघायचे. सुटली की समाधानानं मान हलवायचे, आणि आम्ही परत बांधायचो. मला शेतातलं, गोठ्यातलं दोरकाम येत होतं, म्हणून दोन दिवसांतच मला नव्या मुलांना शिकवायला लावलं. काय अभिमान वाटला असेल, कल्पना करा!

मांडवाच्या मागे जे चालतं ते समोर बसलेल्याला स्वप्नातही दिसत नाही. जवळच्या एका शाळेच्या वर्गांत बाकं भिंतीला लावून सिस्टर मंडळी कोळशाच्या इस्त्र्या फिरवत होत्या. फादरांचे पांढरे झगे दोरीवर रांगेनं, प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी टाचलेली: देश, नाव, उंची. शेजारच्या वर्गात मिस्सासाठीच्या पातळ, गोल भाकरी डब्यांत मोजून भरल्या जात होत्या. नुसत्या गव्हाच्या पिठाच्या आणि पाण्याच्या, मीठसुद्धा नाही. ते भरताना कुणी मोठ्यानं बोलत नसे. स्वयंसेवकांच्या जेवणात भात क्वचितच. पाव, बटाट्याची भाजी आणि चहा, आणि वसईच्या घरांतून येणारी केळी नि सुकेळी. सुकेळी मी जन्मात पहिल्यांदा खाल्ली. उन्हात वाळवलेलं ते केळं मधासारखं गोड लागतं, आणि रात्री दोन वाजता दोऱ्या ओढून आल्यावर तर विचारूच नका.

खुर्च्यांचे आकडे खडूनं लिहिले तर दवानं पुसले जायचे, म्हणून गेरू आणला. पांढऱ्या-पिवळ्या पताका वाऱ्यानं गुंडाळल्या जायच्या, म्हणून त्यांच्या खालच्या टोकाला खडे शिवले. ही युक्ती कुणाची, कुणी विचारलं नाही. जे सुचेल ते दुसऱ्या रात्री सगळ्या मैदानावर झालेलं असायचं.

विजेच्या तंबूत एक वायरमन होते. मी पाटणचा म्हटल्यावर ते उठूनच उभे राहिले. कोयनेची वीज दोनच वर्षांपूर्वी, १९६२ मध्ये, निर्माण व्हायला लागली होती आणि डोंगर ओलांडून मुंबईच्या दिशेनं निघाली होती. शिवसागराचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे सोडायचं आणि त्या उतारावर वीज करायची, हे मी लहानपणापासून वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. पण त्याचं दुसरं टोक कधी पाहिलंच नव्हतं! "तुमची गावं पाण्याखाली गेली, तेव्हा कुठं इकडं दिवे लागतायत," ते म्हणाले. त्या दिवसापासून सगळी टोळी मला 'कोयना' म्हणायला लागली. "कोयना, तीन नंबरच्या चौकोनात ये!" अशी हाक आली की मी धावत सुटायचो.

पण खरा धक्का मला हरवलेल्या माणसांच्या कचेरीत बसला. एक आजीबाई आल्या. लाल लुगडं, गळ्यात सोनं, अंबाड्यात फूल, हातात जपमाळ. मंडळी चुकली म्हणून कावऱ्याबावऱ्या झालेल्या. टेबलावरच्या मुलाला त्यांचं कळेना, म्हणून मला बोलावलं. आणि मला त्यांचं जवळजवळ सगळं कळत होतं! बोली वेगळी, हेल वेगळा, पण आमच्याच घरातली भाषा. त्या वसईकडच्या. माझ्या आजीसारखंच त्यांनी आधी माझं गाव विचारलं, मग आईचं विचारलं, मग मी जेवलो का ते विचारलं, आणि मग कुठं स्वतःच्या हरवण्याकडे वळल्या. त्यांची मंडळी सापडेपर्यंत आम्ही भातशेतीवर बोलत बसलो. ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी बोलणारे, कोट घालणारे, असं जे चित्र मी सातारा जिल्ह्यातून घेऊन आलो होतो ते तिथल्या तिथे पार मोडून गेलं.

ही गोष्ट मी एका फादरना सांगितली. ते हसले आणि म्हणाले, ख्रिस्तपुराण ऐकलंय? नव्हतं ऐकलं. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्यानं येशूचं चरित्र मराठी ओव्यांत रचलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. ओव्यांत! माझी आजी जात्यावर ज्या चालीत म्हणायची त्या ओवीत! शिवाजी महाराजांचा जन्म व्हायच्या आधी! ते पुढे म्हणाले, आणि तू साताऱ्याकडचा ना, मग नारायण वामन टिळक तुला माहीत हवेत. शेवटच्या काळात ते साताऱ्यातच राहून 'देवाचा दरबार' उभारत होते. मला टिळकांच्या कविता शाळेपासून पाठ होत्या. ते साताऱ्यात राहिले होते हे मला ओव्हल मैदानावर, दोऱ्यांच्या ढिगाऱ्यावर बसून कळावं! सोहळा संपल्यावर मी ग्रंथालयात जाऊन ख्रिस्तपुराण काढलं आणि टिळकांच्या पत्नीची 'स्मृतिचित्रे'ही. दोन्हींचा नाद अजून सुटलेला नाही.

२ डिसेंबरला पोप आले. एअर इंडियाच्या बोईंगनं. सांताक्रूझला उपराष्ट्रपती झाकिर हुसेन आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री स्वागताला. रस्त्याच्या दोन्ही कडांना लाखो माणसं, सगळ्या जातीधर्मांची. दुसऱ्या दिवशी ओव्हलवर पाच खंडांतल्या सहा धर्मगुरूंना त्यांनी बिशपपदाची दीक्षा दिली. त्या वेळी मी वेदीच्या मागच्या बाजूला, कनातीपाशी. मला दिसत होती ती समोरच्या चौकोनांतली माणसं. आणि खरं सांगतो, तेच जास्त बघण्यासारखं होतं. घंटा वाजली आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे गुडघ्यावर आले. फादरांची रांग निघाली, आम्ही सोडलेल्या पट्ट्यांतून बरोबर फाटत गेली, एकेक पांढरा झगा एकेका वाटेनं. एकही वाट अडली नाही! अंकलनी माझा दंड असा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशीही दुखत होता.

त्याच दिवशी इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना पोपनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रकाशाकडे ने म्हणणारी प्रार्थना उद्धृत केली. आम्हाला ते सकाळच्या पेपरात कळलं. चहाच्या तंबूत एकानं मोठ्यानं वाचलं. ४ तारखेला त्यांनी पत्रकारांमार्फत जगाला आवाहन केलं: शस्त्रांवरचा खर्च कमी करा, वाचलेल्या पैशातून गरीब देशांसाठी एक जागतिक निधी उभा करा. यावरून तंबूत जोरात चर्चा. चीनचं युद्ध होऊन दोनच वर्षं झालेली, आणि संरक्षणमंत्री आमच्या शेजारच्या कराडचे, यशवंतराव. मी म्हटलं, शस्त्रं टाकून कसं चालेल? पण रेशनच्या रांगेत उभं राहून आलेला जो तो त्या निधीच्या बाजूनं बोलत होता, आणि त्यांचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही. १९६७ च्या 'पोपुलोरुम प्रोग्रेसिओ' या परिपत्रकात त्यांनी मुंबईतल्या या आवाहनाची पुन्हा आठवण करून दिली.

जाताना त्यांनी आपली पांढरी लिंकन गाडी मदर तेरेसांना देऊन टाकली. मदरनी पुढे तिची सोडत काढली आणि तो पैसा कुष्ठरोग्यांच्या शांतीनगर वसाहतीला लावला. गाडी दिल्याची बातमी आली तेव्हा आम्ही बांबू उपसून झालेले खड्डे मातीनं बुजवत होतो. ६ तारखेनंतर तेच काम. खड्डा भरायचा, पायानं दाबायचा, वर गवताचा तुकडा बसवायचा. अंकल म्हणायचे, रविवारी इथं पोरं क्रिकेट खेळणार, कुणाचा पाय मुरगळता कामा नये.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आमच्याकडे भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं. मी तेव्हा नोकरीनिमित्त गावाकडेच होतो. वसईचा मित्र काही मुलं घेऊन आला, बरोबर केळ्यांचे घड आणि घोंगड्या. मदतीच्या ट्रकभोवती माणसं तुटून पडत होती. त्यात म्हातारी मागे राहत होती, बाळंतिणी मागे राहत होत्या. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गोठ्यांतून मिळतील तेवढे कासरे गोळा केले, आत यायची वाट एकीकडे, बाहेरची दुसरीकडे, कमरेला एक दोरी, गुडघ्याला एक, आणि संध्याकाळपर्यंत ज्वारीचं शेवटचं पोतंसुद्धा रांगेनं वाटून झालं.