पहिल्या मजल्याची उंची

कुर्ल्याला मावशीकडे जायचं असलं की आई अंधेरी पूर्वेला, आगरकर चौकात, साध्या ३३२ सोडून द्यायची. "डबलडेकर येऊ दे," म्हणायची. आठवड्याचे सहा दिवस ती सीप्झमध्ये कामाला. मोकळा काय तो रविवार, तरीही थांबायची. गाडी आली की मी दांडा धरून आत, धडधडत जिन्याने वर, थेट पुढच्या बाकावर. खाली इंजिन घरघरायचं, त्याची थरथर तळपायांतून दातांपर्यंत चढायची. उघड्या खिडकीतून वारा तोंडावर. वरच्या मजल्याला वेगळा कंडक्टर. त्याच्या पंचची टकटक जवळ येत जायची, मग डबल बेल, आणि अख्खा मजला एकदा मागे रेलून पुढे निघायचा.

ती थरथर मूळची लँकेशायरची, हे पुष्कळ उशिरा कळलं. तिथल्या लेलँड गावावरून कंपनीला नाव पडलं आणि त्या कंपनीचं नाव मद्रासच्या अशोक मोटर्सला १९५५ मध्ये जोडलं गेलं. १९६७ साली अशोक लेलँडने काढलेली दुमजली 'टायटन' म्हणजे विलायती टायटनचीच लेक. मुंबईत दुमजली बस त्याच्याही आधीची, १९३७ पासूनची. ३१ मार्च १९६४ ला ट्राम थांबली, ही चालत राहिली. लंडनने आपली रूटमास्टर ९ डिसेंबर २००५ ला नेहमीच्या सेवेतून काढली. आमच्या गाड्या तेवढ्या म्हाताऱ्या नव्हत्या, पण घाट तोच होता, आणि लंडननंतरही जवळजवळ अठरा वर्षं तो उपनगरात प्रवासी वाहत होता.

मला मात्र आठवते ती तिची उंची. चकाला, मरोळ नाका, साकीनाका. अंधेरी-कुर्ला रस्ता तेव्हाही तुंबलेलाच असायचा. बस अडली की शेजारच्या इमारतीचा पहिला मजला अगदी समोर यायचा. वाळत घातलेली गोधडी, तुळशीची कुंडी, पाटावर बसून पाढे म्हणणारा मुलगा. साकीनाक्याच्या अलीकडे एका गॅलरीत एक आजी तांदूळ निवडत बसायच्या. एकदा गाडी बराच वेळ खोळंबली तेव्हा त्यांनी आईला विचारलं, "किती वाजले गं?" आईने घड्याळ बघून सांगितलं, "साडेअकरा झाले, आजी." बस हलली. त्यानंतर तिथून जाताना आई आधीच मनगट वर करून ठेवायची.

ही उंची शहरात दुसऱ्या कशानेच मिळत नाही. ८ जून २०१४ ला याच रस्त्यावर, घाटकोपरपर्यंत, मेट्रो सुरू झाली. तिने आईचे गुडघे वाचवले, माझे तास वाचवले, मी तिची ऋणी आहे. पण मेट्रोतून गच्च्या दिसतात, पाण्याच्या टाक्या दिसतात. माणसांच्या डोळ्यांना डोळे भिडतात ते पहिल्या मजल्यावरच.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बेस्टकडे अशा सुमारे ९०० गाड्या होत्या. एका गाडीला तीन माणसं लागत, एक चालक आणि दोन कंडक्टर. तो खर्च परवडेना, गाड्या कमी होत गेल्या. १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची जुनी डबलडेकर निघाली ती ४१५ क्रमांकाची, आगरकर चौक ते सीप्झ. आईच्या कामाची वाट. झेंडूच्या माळा, फुगे. आईला फोटो दाखवला तेव्हा तिने आधी कपाळावरचा मराठी आकडा वाचला, ४१५, आणि मग बराच वेळ फोटो हातातच धरून राहिली.

विजेवरची, थंडगार, नवी दुमजली बस त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आली होती. मी आईला मुद्दाम सीएसएमटीला नेलं. जिना चढताना तिने माझा खांदा धरला, तरी बसली पुढच्याच बाकावर. गाडी इतकी अलगद निघाली की तिला कळलंच नाही. फोर्टात सिग्नलला थांबलो, तर बाजूला एका जुन्या इमारतीची गॅलरी, आणि कठड्याला रेलून एक बाई केस वाळवत उभी. आईने खिडकीची कडी शोधायला काचेवरून हात फिरवला. कडी नव्हती. मग तिने मनगट वर केलं आणि घड्याळ काचेला टेकवून धरलं.