लिऑनमधलं जकाड

आई-अप्पा सोलापूरहून ग्रेनोबलला आमच्याकडे येऊन तीन आठवडे झाले होते आणि तोवर आम्ही त्यांना नुसते डोंगरच दाखवले होते. अप्पांना डोंगरांचं फारसं कौतुक नाही. "एखादं गाव दाखव की. माणसं काय करून खातात ते बघू," असं ते दोनदा म्हणाले. म्हणून ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळच्या गाडीने आम्ही लिऑनला निघालो. आई, अप्पा, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि मी. दीड तासाचा प्रवास. आईने कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा घेतलाच. ती माळकरी आहे, परक्या मुलखात पोटाची सोय आपली आपण करावी असं तिचं मत आहे.

लिऑनमध्ये दोन नद्या आणि दोन टेकड्या. आधी फुरव्हिएरच्या टेकडीवर गेलो. तिथे दोरीने ओढली जाणारी छोटी रेल्वे जाते. इथले लोक तिला अजून 'फिसेल' म्हणजे सुतळीच म्हणतात. वर एकोणिसाव्या शतकातलं पांढरंशुभ्र चर्च, आणि जरा खाली उतरलं की दोन हजार वर्षांपूर्वीचं रोमन नाट्यगृह. आई त्याच्या दगडी पायऱ्यांवर पाय पसरून बसली. खाली सोन नदी, तिच्या पलीकडे ऱ्होन, दोन्ही पुढे जाऊन मिळतात. नवऱ्याने समोरची दुसरी टेकडी दाखवली, क्रुआ-रूस. ही टेकडी प्रार्थना करते आणि ती काम करते, असं इथे म्हणतात. तिथे रेशीम विणणारे राहायचे.

"मग आधी तिकडंच जायचं होतं की," अप्पा म्हणाले.

अप्पांनी अडतीस वर्षं चादरींच्या कारखान्यात काढली, आधी मागावर, मग जॉबर म्हणून. पण जेवायची वेळ झाली होती, आणि इथल्या खानावळींची चूल दुपारी दोनला थंड होते. त्यामुळे खाली जुन्या शहरात उतरलो. तिथल्या 'त्राबूल' लेकीला फार आवडल्या. रस्त्यावरचं एक साधं दार ढकलायचं, अंधारी बोळ, मग गुलाबी भिंतींचा चौक, गोल जिना, आणि पलीकडच्या दाराने थेट दुसऱ्या रस्त्यावर. आत माणसं राहतात, म्हणून हळू बोलायचं. क्रुआ-रूसच्या उतारावरही अशा वाटा आहेत. विणकर त्यांतून रेशमाचे तागे पावसात न भिजवता खाली न्यायचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांपासून लपायलाही त्या कामी आल्या.

एका मिठाईच्या दुकानाच्या काचेशी आई थबकली. आत गुलाबी खडबडीत दाण्यांचा ढीग होता. "अगं, हा तर हलवा!" खरंच तसंच होतं. इथे बदामावर साखरेच्या पाकाची पुटं चढवतात, आपण तिळावर चढवतो. काटा मात्र आपल्या हलव्याचा जास्त नाजूक, हे आईने एक दाणा तोंडात टाकून सांगितलं, आणि मग पाव किलो घेतला.

जेवायला 'बुशाँ'मध्ये गेलो. बुशाँ म्हणजे लिऑनची खानावळ. चौकटीचं टेबलक्लॉथ, बाकं खेटून लावलेली, शेजाऱ्याचं कोपर आपल्या ताटात. मेनूकार्ड मी अप्पांना मराठीत वाचून दाखवत होते. वजडी, आतडी, कोंबडीच्या काळजाचा केक. ते हसले नाहीत. "चांगलं मटण मालकाच्या घरी, आतलं सामान कामगाराला. आपल्याकडंबी तसंच," म्हणाले. गायीच्या वजडीला त्यांनी हात जोडले आणि काळजाचा केक मागवला. टोमॅटोच्या रश्श्यातली ती मऊ वडी त्यांनी पावाने पुसून खाल्ली. लेकीने केनेल घेतलं, नदीतल्या माशाचा फुगलेला गोळा, वर झिंग्यांसारख्या जिवाचा केशरी सॉस.

आईसाठी मी वाढणाऱ्या बाईंना सांगितलं, मांस नाही, मासा नाही, अंडं नाही. त्या काळजीत पडल्या, आत जाऊन आल्या, आणि सायीत भाजलेल्या बटाट्याच्या कापांसोबत एक वाटी घेऊन आल्या. घट्ट दह्यासारखं ताजं चीज, त्यात कांदापात, लसूण, मीठ, मिरी, तेल. नाव 'सेर्व्हेल द कानू'. कानू म्हणजे इथला रेशीम विणकर आणि सेर्व्हेल म्हणजे मेंदू. विणकरांना मटण परवडायचं नाही, तेव्हा ते हे खायचे. आईने इकडेतिकडे पाहिलं, पिशवीतून कडक भाकरी काढली, तुकडा मोडून त्या वाटीत बुडवला. बाई बघत होत्या. मी काही बोलणार तोच त्यांनी हात पुढे केला, एक तुकडा मागून घेतला आणि तसाच बुडवून खाल्ला. भाकरी कुरकुर वाजली. मग त्यांनी आत जाऊन स्वयंपाकिणीलाही बोलावलं. अर्धा डबा तिथेच संपला.

क्रुआ-रूसला दातेरी रुळावरच्या मेट्रोने चढलो. तिथली घरं उंच खिडक्यांची, छतं जवळजवळ चार मीटरवर, कारण आत माग मावायला हवा. मेझाँ दे कानू नावाच्या संग्रहालयात हातमाग चालवून दाखवतात. अप्पा दारातच थांबले. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांची माळ लोंबत होती.

"आरं, हे तर आपलं जकाड की!"

कारखान्यात सगळे त्याला जकाडच म्हणायचे. ते एका माणसाचं आडनाव आहे, हे अप्पांना त्या दिवशी कळलं. जोसेफ-मारी जॅकार्ड, जन्म 1752, लिऑनचाच; 1804 मध्ये त्याने हे यंत्र बसवलं. विणणारी मुलगी फ्रेंचमध्ये सांगत होती आणि अप्पा तिच्या पुढे पुढे लेकीला सांगत होते. "भोक असंल तिथं सुई आत जाती, दोरा वर उचलतो. नसंल तिथं खालीच बसतो. एक पत्ता म्हंजे धोट्याची एक फेरी." मी ताडून पाहिलं. एका शब्दाचा फरक नव्हता.

शेवटी तिने विचारलं, काही प्रश्न? अप्पांनी मला भाषांतर करायला लावलं. दिवसात किती निघतं? नक्षीदार मखमल असेल तर काही सेंटिमीटर. आणि मजुरी दिवसावर की मापावर?

मुलगी क्षणभर थांबली. मापावर, ती म्हणाली, आणि भांडण त्यावरूनच झालं. विणकरांनी ठरीव दर मागितला, तो मान्य झाला, पण बरेच व्यापारी देईनात. नोव्हेंबर 1831 मध्ये कानू या टेकडीवरून खाली उतरले आणि त्यांनी शहर ताब्यात घेतलं. पुढच्या महिन्यात सैन्याने ते परत घेतलं. 1834 मध्ये पुन्हा उठले, तेव्हा गोळीबारात माणसं मेली. मग अप्पांनी तिला 1930 चं सोलापूर सांगितलं. गिरण्यांचं गाव, रस्त्यावर उतरलेले लोक, मार्शल लॉ, आणि 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेले चौघे. चारही नावं त्यांनी सावकाश घेतली. माझं फ्रेंच तिथे अडखळत होतं, पण ती मुलगी धोटा हातात धरून तशीच उभी राहून ऐकत होती.

आई एवढा वेळ कोपऱ्यात होती. तिथे कांड्या भरायचं चाक होतं. ती त्याला हात न लावता नुसती बघत होती.

परतीच्या गाडीत अंधार पडला. गुलाबी हलवा सीटवरून सीटवर फिरत होता. लेकीने विचारलं, "आज्जी, आजोबा मागावर होते तेव्हा तू काय करायचीस?"

"कांड्या भरायची. तुझी आई मांडीवर, आन् चाक पुढ्यात."

मला हे आठवत नाही. चाकाचा आवाज तेवढा आठवतो. लेकीने दप्तरातून पेन काढून तिच्या हातात दिलं. आईने विणायला घेतलेल्या मफलरची लोकर बाहेर काढली, टोक पेनाला अडकवलं, आणि अंगठा नि दोन बोटांत पेन फिरवायला लागली. दोरा वर जायचा, खाली यायचा, कुठेही जाड नाही की विरळ नाही. खिडकीबाहेर तिचं लक्षही नव्हतं. ग्रेनोबल यायच्या आत पेन भरलं होतं.